आऱ्यांचा रंधा, पुस्तकाचं कातडं

पुस्तकाला कातडी बांधणी करताना कातडं पुठ्ठ्याच्या कडेवरून आत दुमडतात. साधारण एक मिलिमीटर जाडीचं शेळीचं कातडं तसंच दुमडलं, तर कोपऱ्यांवर गोळे उठतात आणि सांधा ताठ राहून पुठ्ठा नीट उघडत नाही. म्हणून ते आतल्या बाजूने तासून जवळजवळ निम्म्यावर आणायचं. कडेपुरती सुरी पुरते. आपल्याकडे चांभाराची रापी हेच काम करते. पण रुंद पट्टा एकसारखा पातळ करायला इंग्लंड-अमेरिकेतल्या बांधणीकारांनी सुतारकामातलं हत्यार उचललं. चाकाचे आरे तासायचा, दोन्हीकडे मुठी असलेला आखूड रंधा, म्हणजे स्पोकशेव्ह. त्यातही स्टॅन्लेचा १५१ क्रमांकाचा विशेष आवडता, कारण त्याचं पातं दोन स्क्रूंनी हवं तेवढं खालीवर करता येतं.

दुकानातून आणलेला हा रंधा कातड्यावर मात्र अडतो. लाकडाची ढलपी ताठ असते, वळून आपोआप बाहेर पडते. कातड्याचा कीस मऊ असल्यामुळे तोंडातच दाटून बसतो. म्हणून आधी कानशीने तोंड रुंद करतात. मग धार अधिक निमुळती घासतात, कारण जाड धारेपुढे कातडं कापलं न जाता दबतं. पात्याचे कोपरेही गोल करावे लागतात, नाहीतर ते रुतून रेघा ओढतात.

खाली शिळाछपाईचा दगड हवा. बव्हेरियातल्या सोल्नहोफेनचा हा बारीक कणांचा चुनखडक. आलोइस सेनेफेल्डर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यावर छपाईचं नवं तंत्र काढलं. त्याचा सपाटपणा बांधणीकाराला फार मोलाचा. कातड्याची एक कड दगडाला पकडीने आवळायची आणि पकडीपासून दूर ढकलत तासायचं, म्हणजे कातडं ताणलेलं राहतं. मधे किसाचा एक कण जरी राहिला तरी तेवढीच जागा वर उचलली जाते आणि पातं तिथे भोक पाडतं. सगळ्या मेहनतीवर एका क्षणात पाणी! वरचेवर दगड पुसणं ही मला धारेइतकीच महत्त्वाची शिस्त वाटते.

दाढीचं पातं लावलेली छोटी यंत्रंही मिळतात आणि ती पट्टा झटपट पातळ करतात. धोका दोन्हीकडे सारखाच आहे. कातड्याचं बळ आतल्या धाग्यांत असतं, आणि तासताना नेमके तेच जातात. डग्लस कॉकरेल यांनी १९०१ सालच्या आपल्या बांधणीवरच्या पुस्तकात अति तासण्याविरुद्ध बजावलं होतं. कोपरे हवे तेवढे पातळ करा, पण सांध्यावर हात आवरा. पुस्तक दर वेळी तिथेच वाकतं आणि जुन्या बांधण्या बहुतेक तिथेच फाटलेल्या आढळतात.