‘मंदारमाले’च्या पुढे

ठाणे महापालिकेचा संगीत समारोह पं. राम मराठे (१९२४–१९८९) यांच्या नावाने होत आला आहे. तथापि ठाणे-डोंबिवलीतील कित्येक घरांत त्यांची ओळख १९६३ सालच्या ‘मंदारमाला’ नाटकातील पदांपाशीच थांबते. ती पदे मुखोद्गत झाल्यावर पुढे कोणती ध्वनिमुद्रणे ऐकावीत?

गाजलेल्या पदांचा आणखी एक संग्रह घेणे सोपे. पण त्याने गायक अधिक उमगतोच असे नाही. त्यापेक्षा रागाचे बोट धरावे. ‘जय शंकरा’ अहिरभैरवातले. त्या पदानंतर रामभाऊंचे ख्यालगायन ऐकावे. रंगभूमीवर काही मिनिटांत आटोपणारा लयीचा खेळ तेथे सावकाश उलगडतो. नंतर त्यांच्या गुरूंकडे, मास्टर कृष्णराव आणि जोगकंस रागाचे जनक जगन्नाथबुवा पुरोहित यांच्याकडे वळावे. शेवटी १९३९चा ‘माणूस’ पाहावा. त्यातला चहावाला पोऱ्या म्हणजे बालवयातले रामभाऊच.

हा क्रम महागडा नाही. त्याला हवी केवळ सवड. लोकलच्या प्रवासात ती मिळते. ती दिली नाही, तर समारोहाच्या कमानीवर नाव राहील आणि गाणे मात्र विस्मरणात जाईल.