हात वाकडा म्हणजे फेकी नव्हे

मुथय्या मुरलीधरनचं नाव निघालं की टपरीवरच्या गप्पांत एक वाक्य हमखास पडतं : "आठशे विकेट घेतल्या खऱ्या, पण फेकून." कुणी हरकत घेतली तर पुढचं वाक्यही तयार असतं : "त्याला वाचवायलाच तर आयसीसीनं पंधरा अंशांचा नियम आणला!" हे इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर द्यायचा कंटाळा येतो. तरी एकदाचं सविस्तर देऊन टाकतो.

आधी कायदा पाहू, कारण तावातावानं बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो वाचलेला असतो. गोलंदाजाचा हात सरळच हवा, असं एमसीसीच्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. आज एकविसाव्या क्रमांकावर असलेला हा कायदा एवढंच सांगतो, की चेंडू टाकताना हात खांद्याच्या पातळीला आला की तिथपासून चेंडू सुटेपर्यंत कोपर सरळ होता कामा नये, थोडंही नाही आणि पूर्णही नाही. हात आधीपासून वाकलेला असेल आणि तितकाच वाकलेला राहिला, तर चेंडू शंभर टक्के वैध. दगड भिरकावताना आपण कोपर दुमडतो आणि झटक्यात उघडतो. कायद्याचा आक्षेप त्या उघडण्याला आहे, दुमडलेपणाला नाही. मनगट मात्र हवं तसं फिरवायची मुभा आहे आणि तीही त्याच कायद्यात स्पष्ट शब्दांत दिली आहे.

मुरलीधरनचं कोपर जन्मापासूनच पूर्ण सरळ होत नाही. त्यात त्याचा खांदा कमालीचा लवचीक आणि मनगट गरकन फिरणारं. हे सगळं एका क्षणात, तेही समोरून किंवा बाजूच्या एकाच कोनातून पाहिलं की डोळा फसतो. पंचांचाही फसतो. 26 डिसेंबर 1995 ला मेलबर्नच्या कसोटीत डॅरेल हेअर यांनी त्याला सात नोबॉल दिले. जानेवारी 1999 मध्ये अॅडलेडला रॉस इमर्सन यांनी पुन्हा तेच केलं, तेव्हा अर्जुन रणतुंगा अख्खा संघ घेऊन सीमारेषेपर्यंत चालत गेला. या दोन घटनांच्या दरम्यान, 1996 मध्ये, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठात आणि हाँगकाँगमध्ये त्याच्या गोलंदाजीची वैज्ञानिक तपासणी झाली होती आणि त्यातून तो निर्दोष सुटला होता. 2004 मध्ये तर त्यानं कोपर हलूच नये असा कडक पट्टा हाताला बांधला आणि कॅमेऱ्यासमोर ऑफब्रेकही टाकला, त्याच्या उलट वळणारा 'दुसरा'ही टाकला. चेंडू वळायचे तसेच वळले. यापेक्षा जास्त पुरावा कुठल्या गोलंदाजाकडे मागितला गेला आहे, हे कुणी तरी मला सांगावं.

आता ते पंधरा अंश. त्याआधीही मर्यादा होत्याच : फिरकीवाल्याला 5 अंश, मध्यमगतीवाल्याला 7.5 आणि वेगवान गोलंदाजाला 10. म्हणजे कोपर थोडं उघडणारच, हे तेव्हाही मान्य होतं. 2004 च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये चॅम्पियन्स करंडक झाला. तिथं वेगवान कॅमेऱ्यांनी गोलंदाजांचं चित्रण करून मोजमाप केलं गेलं, आणि निष्कर्ष निघाला तो सगळ्यांची झोप उडवणारा. जवळजवळ प्रत्येकाचं कोपर काही ना काही सरळ होत होतं. ज्यांची शैली प्रशिक्षक पोरांना आदर्श म्हणून दाखवतात ते ग्लेन मॅकग्रा आणि शॉन पोलॉकही त्या वेळच्या बातम्यांनुसार 10 अंशांच्या पुढे होते. जुनी मर्यादा काटेकोर लावली असती तर मुरलीधरनच्या आधी त्यांना घरी बसावं लागलं असतं. पंधराचा आकडाही कुणी लहर म्हणून काढला नाही. साधारण तेवढ्या अंशांनंतर कोपराचं उघडणं नुसत्या डोळ्यांना जाणवू लागतं, हा त्यामागचा आधार. मार्च 2005 पासून ही मर्यादा सर्वांना सारखी लागू झाली.

नियम त्याला वाचवायला आणला, या आरोपात तथ्याचा एक कण आहे, तो लपवायचं कारण नाही. 2004 मध्येच मुरलीधरनच्या 'दुसरा'ची चाचणी झाली. आधी 14 अंशांच्या आसपास असलेलं कोपराचं उघडणं त्यानं मेहनतीनं दहाच्या जवळपास आणलं. फिरकीची मर्यादा पाचचीच राहिली असती तर त्याला तो चेंडू टाकता आला नसता. नव्या नियमाचा त्याला फायदा झालाच. पण तोच दहाचा आकडा वेगवान गोलंदाजाच्या हातून गेला तर सभ्य आणि फिरकीवाल्याच्या हातून गेला तर लबाडी, हे कुठलं शास्त्र?

त्यालाच जोडून दुसरी तक्रार येते : "मग 'दुसरा'वर बंदी का घातली?" घातलीच नाही. क्रिकेटमध्ये बंदी घातलेल्या फिरकी चेंडूंची यादी नसते. बंदी त्या त्या गोलंदाजावर किंवा त्याच्या हातून येणाऱ्या एखाद्या चेंडूवर येते, तीही मोजमाप झाल्यावर. 2014 मध्ये सईद अजमल निलंबित झाला, कारण त्याचं कोपर पंधरापेक्षा कितीतरी जास्त उघडत होतं. जोहान बोथा आणि शेन शिलिंगफर्ड यांना ऑफब्रेकची परवानगी राहिली, 'दुसरा'ची गेली. हा चेंडू कोपर न उघडता टाकणं फार अवघड आहे, यात शंका नाही. पण अवघड म्हणजे बेकायदा नव्हे. खरी अडचण वेगळीच आहे. मैदानावरच्या पंचाला फक्त संशय येऊ शकतो, अंश मोजले जातात प्रयोगशाळेत, आणि तिथं गोलंदाज सोवळ्यात असल्यासारखा जपून टाकणारच. म्हणून तर चाचणीतलं चित्रण सामन्यातल्या चित्रणाशी ताडून पाहावं लागतं. नियमावर टीका करायचीच असेल तर इथं करा, ऐकायला मीही बसेन.

बाकीचे गैरसमज आटोपशीर आहेत.

हात कानाजवळूनच यायला हवा, असं काही नाही. मलिंगाचा हात कुठून यायचा ते जगानं पाहिलं, आणि आपला पुण्याचा केदार जाधव तर जवळजवळ कमरेत वाकून टाकायचा. दोघेही कायद्यात. गंमत म्हणजे खांद्यावरून टाकणं हेच एकेकाळी बेकायदा होतं. 1862 मध्ये ओव्हलवर एडगर विल्शरला त्यासाठी ओळीनं नोबॉल दिले गेले आणि परवानगी मिळाली 1864 मध्ये.

1 फेब्रुवारी 1981 ला ग्रेग चॅपलच्या सांगण्यावरून त्याच्या भावानं, ट्रेव्हरनं, खांद्याखालून टाकलेला तो कुप्रसिद्ध सरपटी चेंडू त्या दिवशीच्या नियमात बसत होता. कायदा नंतर बदलला. आता सामन्याआधी दोन्ही संघांचं ठरलं असेल तरच खांद्याखालून टाकता येतं.

दोन टप्पे पडलेला चेंडू नोबॉल हा नियमही सनातन नाही. 2017 पर्यंत दोन टप्पे चालत होते.

शिवा सिंगनं 2018 मध्ये कल्याणीला स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेऊन चेंडू टाकला, तेव्हा पंचांनी तो डेड बॉल ठरवला. इथं हाताचा प्रश्नच नव्हता, गिरकी फलंदाजाचं लक्ष उडवण्यासाठी होती का, एवढाच होता. तो प्रत्येक चेंडूला तशीच गिरकी घेत असता, तर मी त्याच्या बाजूनं उभा राहिलो असतो. (ऋतुराज गायकवाडनं 2022 मध्ये एका षटकात सात षटकार मारले ते याच शिवा सिंगला. तेव्हा गिरकी नव्हती.)

आणि दोन्ही हातांनी गोलंदाजी? बिनधास्त करा. विदर्भाचा अक्षय कर्णेवार करतो. 2017 मध्ये चेन्नईला तो ऑस्ट्रेलियन फलंदाजांविरुद्धही दोन्ही हातांनी टाकत होता. अट इतकीच, की हात बदलण्याआधी पंचाला सांगायचं आणि पंचानं ते फलंदाजाला कळवायचं. न सांगता बदलला तर नोबॉल. हे ठीक, पण 2008 मध्ये केव्हिन पीटरसननं चेंडू येता येता डावखुरा होऊन न्यूझीलंडविरुद्ध षटकार ठोकले, तेव्हा एमसीसीनं तो फटका योग्य ठरवला. फलंदाजानं कुणाला आधी काही सांगायची गरज नाही. अन्यायच शोधायचा तर मुरलीधरनच्या कोपरापेक्षा या नियमात तो लवकर सापडेल.