आधी बोलू द्या, मग लिहू द्या

नागावसारख्या किनाऱ्यावरच्या गावात शाळेत मन न रमणाऱ्या मुलाला काम लगेच मिळते. वाडीत शिंपणे आहे, पर्यटकांच्या खोल्यांवर गाद्या घालणे आहे. एकदा हातात पैसा आला की पोरगा वहीकडे वळत नाही. पण त्याचे मन शाळेत का रमत नाही, हे आपण विचारतो का?

काही मुले तोंडी उत्तर चोख देतात. भरती-ओहोटीची वेळ, बाजाराचा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो. कागद पुढे आला की मात्र हात थांबतो. 'भ'चा 'म' होतो, 'घ'चा 'ध' होतो, वेलांटी चुकते, जोडाक्षर फुटते. मग शाळेत तो आळशी आणि शेजारीपाजारी मठ्ठ ठरतो. हा डिस्लेक्सिया असू शकतो. यात बुद्धी शाबूत असते. अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड मात्र सहज बसत नाही. मारून, रागावून ती बसत नाही.

महाराष्ट्रात 1996 पासून अशा मुलांना दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलती मिळू लागल्या. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. 2007 च्या 'तारे जमीन पर' चित्रपटामुळे हा शब्द घरोघरी पोचला. पुढे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' या नावाने त्याची नोंद झाली. म्हणजे जादा वेळ, लेखनिक या सवलती कुणाची मेहेरबानी नाहीत.

आधी परीक्षा ठरवा

काही पालक आठवी-नववीत मुलाला घरीच शिकवायचे ठरवतात. त्यांनी पुस्तक शोधण्याआधी परीक्षा ठरवावी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून (एनआयओएस) वयाच्या 14 वर्षांनंतर दहावीला बसता येते. पाच विषय, त्यात एक भाषा पुरते. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि मराठी माध्यमही आहे. दुसरा मार्ग राज्य मंडळाच्या 17 नंबर फॉर्मचा. मात्र पुढचा प्रवेश पक्का होण्याआधी शाळेतून नाव काढू नका, नाहीतर मूल दोन्हीकडून जाईल. सवलतीसाठी तपासणीचा दाखला लागतो. प्रथम अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशी तपासणी होते.

लेखनाचा अभ्यासक्रम कसा निवडाल?

महागडा इंग्रजी संच घेऊन पैसे घालवू नका. 1930 च्या दशकात अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी बसवलेली पद्धत अशा पुष्कळ संचांच्या मुळाशी आहे. पण त्यांची रचना इंग्रजी स्पेलिंगसाठी असते. मराठीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ बराच आहे. अडते ते ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरांत. म्हणून संच नको, पद्धत घ्या : अक्षर बघायचे, मोठ्याने म्हणायचे, ऐकायचे आणि बोटाने गिरवायचे. नागावच्या वाळूसारखी पाटी आणखी कोणती? आठवड्याला एकच नियम घ्या. उदाहरणार्थ, शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी किंवा उकार बहुधा दीर्घ असतो : वाडी, पाणी, वाळू, खडू.

कोणतेही पुस्तक घेताना तीन गोष्टी पाहा. पहिली, त्यात विचार आणि शुद्धलेखन यांचा सराव वेगळा आहे का? दुसरी, वाक्य, परिच्छेद, मग पत्र अशा लहान पायऱ्या आहेत का? तिसरी, मजकूर त्याच्या वयाला शोभणारा आहे का? पंधरा वर्षांच्या मुलापुढे बालवाडीचे पुस्तक ठेवणे हा त्याचा अपमान आहे. बालभारतीच्या दहावीच्या मराठी पुस्तकातील पत्र, बातमी, जाहिरात हे उपयोजित लेखन यासाठी चांगले आहे आणि ते संकेतस्थळावर फुकट मिळते.

रोज अर्धा तास पुरे. मुलाने आधी विषय तोंडी सांगावा. आईने किंवा बहिणीने त्यातले चार मुद्दे कागदावर मांडावेत. मग त्याने एकेका मुद्द्याचे एक वाक्य लिहावे. त्या वेळी लाल शाई बाजूला ठेवा. वेलांट्या दुसऱ्या दिवशी, त्याही आठवड्याच्या नियमापुरत्याच तपासा. हात फार अडला तर मोबाईलवर बोलून टाईप करू द्या. विषय त्याच्या ओळखीचे द्या : खोली भाड्याने देण्याची जाहिरात, पाणी येत नाही म्हणून ग्रामपंचायतीला अर्ज. यासाठी आई पदवीधर असावी लागत नाही. सातवी शिकलेली आईही हे करू शकते.

कारकुनी करताना एक गोष्ट रोज दिसते. ज्याला स्वतःचा अर्ज लिहिता येत नाही, तो दुसऱ्याच्या शब्दांवर सही करतो. त्यात आपले म्हणणे आले की नाही, हेही त्याला कळत नाही. म्हणून अशा मुलाचे लेखन सोडून देऊन चालणार नाही. अक्षर मोत्यासारखे नसले, एखादी वेलांटी चुकली तरी बिघडत नाही. आपली तक्रार, आपली मागणी त्याला स्वतःच्या शब्दांत कागदावर उतरवता आली पाहिजे. पालकांनो, यंदाच्या निकालाची वाट न पाहता या आठवड्यापासूनच सुरुवात करा.