दात्याच्या हेतूपेक्षा दानावरचा ताबा महत्त्वाचा

एखाद्या अब्जाधीशाच्या देणगीची बातमी आली की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक तट दात्यापुढे हात जोडतो. दुसऱ्याला त्यात करबचत आणि प्रतिमा उजळण्याचा खटाटोप दिसतो. दोघेही दात्याच्या मनात डोकावू पाहतात. माझ्या मते हा वाद निष्फळ आहे. हेतू कुणाला दिसत नाही. दान दिल्यानंतर त्या पैशावर हुकूम कोणाचा चालतो, हे मात्र कागदपत्रांवरून तपासता येते.

मी राहतो त्या चंडीगडमध्ये याचे एक बोलके उदाहरण आहे. येथील ‘ट्रिब्यून चौक’ ज्या वृत्तपत्राच्या नावाने ओळखला जातो, ते सरदार दयालसिंग मजिठिया यांनी २ फेब्रुवारी १८८१ रोजी लाहोरमध्ये सुरू केले. दयालसिंग मोठे जमीनदार होते, पंजाब नॅशनल बँकेच्या संस्थापकांपैकी एक होते आणि निपुत्रिक होते. १८९५ च्या मृत्युपत्रात त्यांनी वृत्तपत्र, महाविद्यालय आणि ग्रंथालय यांसाठी आपली मालमत्ता विश्वस्तांच्या हाती सोपवली. वृत्तपत्राचा खर्च भागवून जे उरेल, ते त्याच वृत्तपत्राच्या सुधारणेसाठी आणि स्थैर्यासाठी वापरावे, अशी त्यांची अट होती. १८९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढे आयकर खात्याशी वाद झाला. वृत्तपत्र चालवणे हे धर्मादाय कार्य कसे, हा प्रश्न थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९३९ मध्ये निकाल न्यासाच्या बाजूने लागला. दात्याला स्वतःला काय वाटत होते, हा निकष कौन्सिलने मानला नाही; न्यासाचे उद्दिष्ट सार्वजनिक उपयोगाचे आहे की नाही, एवढेच पाहिले. फाळणीनंतर हे वृत्तपत्र सिमला आणि अंबाला असा प्रवास करून १९६९ मध्ये चंडीगडला आले. न्यास आजही ते चालवतो.

संशयी माणूस म्हणेल, वृत्तपत्र म्हणजे प्रभावाचे साधन. यात दातृत्व कसले? आक्षेप खरा आहे. दयालसिंगांना आपली उदारमतवादी भूमिका टिकवायचीच होती. पण वृत्तपत्राचा नफा कोणा वारसाच्या खिशात जाण्याची वाट त्यांनी बंद केली.

हीच कसोटी आज लावून पाहावी. २०१९ मध्ये अझीम प्रेमजी यांनी विप्रोतील एकूण सुमारे ६७ टक्के समभागांचे आर्थिक लाभ धर्मादाय कार्याला कायमचे देऊन टाकले. हा त्याग थोर आहे. तरीही, आर्थिक लाभ सोडणे आणि कंपनीवरचे नियंत्रण सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विसरू नये. त्याउलट, २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातील किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. त्याला दान म्हणणेच चुकीचे. तो कायद्याचा आदेश आहे आणि पैसा मालकाचा एकट्याचा नसून सर्व भागधारकांचा आहे. कायदा कंपनीच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो. त्यामुळे जिथे कारखाना नाही, तिथे गरज कितीही असली तरी रांगेत मागेच उभे राहावे लागते.

आणखी एक मुद्दा क्वचितच मांडला जातो. करसवलत घेऊन दिलेल्या प्रत्येक रुपयात सरकारी तिजोरीचा, म्हणजे तुमचा-माझा, वाटा असतो. शाळा कुठे निघावी, कोणत्या आजारावर संशोधन व्हावे, हे दाता एकटा ठरवत असेल, तर आपल्या पैशाचा निर्णयही तोच घेत असतो. म्हणून हिशेब मागणे हा कृतघ्नपणा नव्हे.

दात्याच्या मनाची झडती घेणे सोडून सरकारने तीन गोष्टी कराव्यात. मोठ्या न्यासांच्या विश्वस्त मंडळांत दात्याच्या कुटुंबाबाहेरच्यांचे बहुमत असावे, खर्चाचा तपशील दरवर्षी जाहीर व्हावा आणि दात्याने जितका ताबा सोडला असेल, तितकीच करसवलत त्याला मिळावी.