पट तोच, नियम कोणाचे?

खेळ म्हणजे वेळ घालविण्याचे साधन, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धवट खरी आहे. पटाभोवती बसलेले मूल नकळत जगाविषयीचा एक सिद्धांतही आत्मसात करीत असते. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या मोक्षपटावर सद्गुणांच्या शिड्या व दुर्गुणांचे साप होते. पुढे इंग्रजांनी हा खेळ उचलला व त्यातील मोक्ष गळून पडून केवळ सापशिडी उरली. अलीकडे समाजप्रबोधनासाठी खेळ तयार करावयाचे ठरले, की बहुतेकांना हीच सापशिडी आठवते. ‘नळाला तोटी बसविली’ म्हणून शिडी, ‘पाणी वाया घालविले’ म्हणून साप. हेतू चांगला असतो. परंतु या पटावर खेळणाऱ्याने स्वतः काहीच ठरविलेले नसते. फासा पडतो, सोंगटी सरकते. घरावर लिहिलेला उपदेश विवेकाचा आणि खेळाचा नियम मात्र नशिबाचा, अशी ही विसंगती आहे.

या विसंगतीतून एक तत्त्व हाती लागते. खेळ शिकवितो ते आपल्या नियमांतून; पटावरील मजकुराचा वाटा त्यात थोडा. याचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकेतील आहे. एलिझाबेथ मॅगी या महिलेने १९०४ मध्ये ‘लँडलॉर्ड्स गेम’ या खेळाचे पेटंट मिळविले. जमिनीचे भाडे हे समाजाने निर्माण केलेले मूल्य असल्याने त्यावर कर समाजाने घ्यावा, हा हेन्री जॉर्ज यांचा विचार तिला लोकांपर्यंत पोहोचवावयाचा होता. म्हणून तिने एकाच पटासाठी दोन नियमावल्या केल्या. एकीत मक्तेदार इतरांना कंगाल करून जिंकतो; दुसरीत जमिनीच्या उत्पन्नाचा लाभ सर्वांना मिळतो. पार्कर ब्रदर्स कंपनीने १९३५ मध्ये या खेळाचे तिचे पेटंट ५०० डॉलरला विकत घेतले. जगभर पसरला तो ‘मोनॉपली’, म्हणजे पहिल्या नियमावलीचा खेळ. आपल्या घरांतील ‘व्यापार’ हे त्याचेच भावंड. मक्तेदारीचे दुष्परिणाम दाखविण्यासाठी निघालेला पट पिढ्यान्‌पिढ्या मुलांना मक्तेदारीची गोडी लावीत राहिला. पट फारसा बदलला नव्हता; एक नियमावली तेवढी गळाली होती.

हा विचार जालना जिल्ह्याला लावून पाहण्यासारखा आहे. १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेला हा जिल्हा बियाण्यांसाठी, पोलादासाठी आणि मोसंबीसाठी ओळखला जातो. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परंतु जमिनीखाली काळा पाषाण आहे. त्याच्या झिजलेल्या थरांत व भेगांत मावेल तेवढेच पाणी साठते. २०१२-१३ च्या दुष्काळात ते आटले, बागा वाळल्या आणि अनेक शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे वाढविलेली झाडे स्वतःच्या हाताने तोडली. पाण्याचा हा प्रश्न पटावर मांडता येईल काय?

तसा प्रयत्न आंध्र प्रदेशात झाला आहे. ‘फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी’ ही संस्था आणि आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेचे अभ्यासक यांनी तेथील गावांत भूजलाचा एक साधा खेळ खेळविला. कमी पाण्याचे पीक घ्यावे की जास्त पाण्याचे, हे प्रत्येकाने ठरवावयाचे. पाणी मात्र सर्वांचे एकच. खेळानंतर गावाने एकत्र बसून चर्चा केली. अभ्यासकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार, ज्या गावांत हा खेळ झाला तेथे पाण्याची नोंदवही ठेवण्याचे व पाणीवापराचे नियम करण्याचे प्रमाण त्याच कार्यक्रमातील इतर गावांपेक्षा अधिक आढळले.

तथापि, हा खेळ जसाच्या तसा जालन्यात आणून भागणार नाही. दर हंगामाला पीक बदलण्याचे स्वातंत्र्य त्यात गृहीत धरलेले आहे. मोसंबीवाल्याला ते नसते. समजा, पाच शेतकरी एका वाटीभोवती बसले आहेत. वाटीत ४० चिंचोके आहेत. हे त्यांचे भूजल. मध्यम पावसाच्या वर्षी त्यात ८ चिंचोके परत येतात. हरभऱ्याला १ चिंचोका लागतो, मोसंबीला ३. पाचही जणांनी मोसंबी लावली तर वर्षाला १५ चिंचोके जातात आणि ७ ची तूट येते. पाच वर्षांनी वाटीत ५ उरतात. सहाव्या वर्षी पावसाचे ८ मिळविले तरी गरज भागत नाही. लागवडीपासून चार-पाच वर्षे पोसलेली झाडे जेव्हा फळावर आलेली असतात, नेमकी तेव्हाच वाटी रिकामी होते. हरभरा बुडाला तर एक हंगाम जातो; बाग वाळली तर सारी वर्षे जातात आणि बहुधा कर्जही मागे राहते. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, परंतु झाडाचा हा हट्ट नियमांत आला नाही तर तो खेळ जालन्याचा होणार नाही.

हाच हिशेब पुढे नेला की अधिक अवघड प्रश्न समोर येतो. या वाटीला मोसंबीची एकच बाग परवडते. दोन झाल्या की दरवर्षी एका चिंचोक्याची तूट सुरू होते. मग ती एक बाग कोणाची? जो आधी लावील त्याची, ज्याची विंधन विहीर खोल त्याची, की सर्वांनी मिळून वाटून घ्यावयाची? अर्थशास्त्र किती पाणी उपसावे ते सांगू शकते; ते कोणी उपसावे, हा न्यायाचा प्रश्न आहे. म्हणूनच खेळाच्या आरंभी सर्वांना सारखे पैसे वाटण्याची ‘व्यापारा’तील पद्धत येथे अप्रामाणिक ठरेल. एखाद्याकडे उथळ विहीर असावी आणि वाटी निम्म्यावर येताच त्याचा हात थांबावा. एखाद्याने शेततळे बांधून त्यात सामाईक वाटीतलेच चिंचोके साठवावेत, कारण मराठवाड्यातील कित्येक शेततळी पावसाऐवजी उपशाच्या पाण्याने भरली जातात. सहावा खेळाडू भूमिहीन असावा. त्याची मजुरी इतरांच्या पिकांवर आणि घरातला हंडा त्याच वाटीवर अवलंबून असावा. पाऊस कवड्यांनी ठरावा. परंतु विहिरीची खोली दैवाच्या खाती टाकू नये.

असा खेळ एकदा खेळून झाल्यावर तो दुसऱ्या नियमावलीने पुन्हा खेळावा. ती शोधायला फार लांब जावयास नको. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून पाणी पंचायतीची चळवळ उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर न ठरविता घरातील माणसांवर ठरवावा. माणशी अर्धा एकर व कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढेच पाणी मिळावे. ऊस घेऊ नये. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क असावा, असे तिचे नियम होते. मॅगीबाईंची हरवलेली दुसरी नियमावली जणू महाराष्ट्राच्या मातीत प्रत्यक्ष वापरली गेली होती. पट तोच, चिंचोके तेवढेच. शेवटी वाटीत काय उरते आणि कोणाच्या हाती काय पडते, हे खेळणाऱ्यांनीच मोजावे.

यावर एक आक्षेप येईल व तो रास्त आहे. विजेचे दर, बँकेचे कर्ज, मोसंबीचा भाव या गोष्टी गावाबाहेर ठरतात. मग पाणी संपल्याचा दोष पाच शेतकऱ्यांच्या माथी का मारावा? याचे उत्तर असे, की त्या गोष्टीही पटावर आल्या पाहिजेत. ज्या खेळात बाजार व सरकार दिसत नाही तो शेतकऱ्याला केवळ उपदेश करतो. दुसरा आक्षेप असा, की शेतकऱ्याला पाणी कळते, त्याला खेळ कशाला? त्याला आपली विहीर निश्चित कळते. पाचही विहिरींचे पाणी एकत्र, एका वाटीत पाहण्याचा प्रसंग मात्र त्याला क्वचितच येतो.

महाराष्ट्राने २००९ चा भूजल अधिनियम केला. २०१९ मध्ये महाराष्ट्रासह सात राज्यांत अटल भूजल योजना सुरू झाली व गावाच्या पाण्याचा ताळेबंद हा शब्द ग्रामपंचायतीच्या फलकावर आला. ताळेबंद आकडे देतो. त्या आकड्यांपुढे परस्परांशी करार करण्याचा सराव देत नाही. तो सराव पुठ्ठा, कवड्या व मूठभर चिंचोके यांच्या साहाय्याने होऊ शकतो. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र विद्यार्थ्यांनी तयार पट घेऊन गावात जाऊ नये. गावकऱ्यांना नियम विचारून तो तेथेच आखावा. खेळ संपल्यावर कोण जिंकले याची चौकशी झाली तर करमणूक झाली, एवढेच म्हणता येईल. ‘हा नियम बदलला पाहिजे’ असे एखाद्या उथळ विहिरीवाल्याने उठून म्हटले आणि इतरांना त्याला उत्तर द्यावे लागले, तर खेळाचे काम झाले असे समजावे.