लाकूड फोडण्याचं यंत्र घेताय? आधी ओंडक्याचा घेर मोजा

डाळज, पळसदेव, भिगवण या पट्ट्यात फिरताना उजनीच्या फुगवट्यालगत वेडी बाभूळ किती माजली आहे हे आपण रोज पाहतो. बांधावर देशी बाभूळ, लिंब, सुबाभूळ असतेच. घरोघरी गॅस आला तरी अंघोळीचं पाणी, भाकरी अजून पुष्कळ घरांत चुलीवरच होते. लग्नाचा स्वयंपाक, धाबा, गावची स्मशानभूमी यांनाही जळण लागतंच. लाकूड आहे, गिऱ्हाईकही आहे, पण कुऱ्हाड आणि घण घेऊन दिवसभर ओंडके फोडणारा गडी मिळत नाही. म्हणून 'साहेब, ते हायड्रॉलिक लाकूडफोड यंत्र घेऊ का?' असं विचारणारे आता भेटू लागले आहेत.

माझं उत्तर एकच असतं. यंत्राची जाहिरात नंतर वाचा, आधी दोरी घेऊन आपल्या लाकडाचा घेर मोजा.

यंत्र लागतं कुणाला?

वेडी बाभूळ बुडापासून अनेक फांद्यांनी फुटते. तिचा बराचसा माल मनगटाएवढा किंवा मांडीएवढा असतो. हे लाकूड फोडावं लागत नाही. करवतीनं तुकडे केले की काम झालं. घेर दोन फुटांच्या पुढं गेला, म्हणजे लाकडाची जाडी आठ इंचांच्या आसपास आली, की मग फोडण्याचा प्रश्न येतो. तेव्हा आपल्या ढिगात असे जाड ओंडके किती निघतात ते पाहा. दहातला एखादाच निघत असेल तर यंत्रात पैसे अडकवू नका, चांगली चेन करवत घ्या. जुन्या बाभळी, लिंब, निलगिरीचे बुंधे नेहमी येत असतील तरच पुढचा हिशेब करा.

टन म्हणजे काय, ते स्वतः काढा

या यंत्राचं तत्त्व नवं नाही. इंग्लंडात जोसेफ ब्रामा यानं 1795 साली हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, त्याच तत्त्वावर आपली डंपिंग ट्रॉली उचलते. पंप तेलाला दाब देतो, तेल सिलिंडरमधला दट्ट्या ढकलतं आणि ओंडका पाचरीवर दाबला जातो.

विकणारा म्हणतो, 'तीस टनांचं आहे.' तुम्ही त्याला दोनच गोष्टी विचारा. सिलिंडरचा आतला व्यास किती आणि पंपाचा चालू दाब किती? व्यास सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याला त्यानंच गुणा, मग 0.785 नं गुणा आणि आलेल्या आकड्याला दाबानं गुणा. 10 सेंटिमीटरचा सिलिंडर आणि चौरस सेंटिमीटरला 160 किलो दाब असेल तर उत्तर येतं सुमारे 12,560 किलो, म्हणजे साडेबारा टन. याच सिलिंडरमधून तीस टन काढायचे तर दाब 380 च्या वर न्यावा लागेल. साध्या गिअर पंपाला तो झेपत नाही. मग ते तीस टन फक्त कागदावरचेच, हे ओळखा.

सरळ रेषांचं, फूटभर जाडीचं लाकूड साधारणपणे दहा-बारा टनांत फुटतं. गाठाळ बाभूळ किंवा फांदीचा जोड असेल तर अठरा-वीस टन लागतात. पण ताकद वाढवली की वेग घटतो. मिनिटाला 30 लिटर तेल देणारा पंप 10 सेंटिमीटरच्या सिलिंडरचा दट्ट्या दोन फूट पुढं न्यायला नऊ-दहा सेकंद घेतो. तोच पंप साडेबारा सेंटिमीटरच्या सिलिंडरला लावला तर जवळपास पंधरा सेकंद लागतात. म्हणून टनासोबत पंपाचे लिटरही विचारा.

ट्रॅक्टर की मोटार?

ट्रॅक्टर घरचा असेल तर पीटीओवर स्वतंत्र पंप आणि स्वतंत्र तेलटाकी असलेलं यंत्र बरं. काही यंत्रं ट्रॅक्टरच्याच हायड्रॉलिक तेलावर चालतात, ती स्वस्त पडतात. पण ट्रॉलीला एकच पाइप पुरतो, या यंत्राला तेल परत येण्याचीही वाट लागते. आपल्या ट्रॅक्टरला ती सोय आहे का, हे मिस्त्रीला आधी दाखवा. शिवाय यंत्रातला कचरा तेलाबरोबर थेट ट्रॅक्टरच्या पोटात जातो, हेही ध्यानात ठेवा.

मोटारीचं यंत्र आवाज कमी करतं. साडेसात अश्वशक्तीची मोटार 160 च्या दाबाला मिनिटाला अठरा लिटरच्या आसपासचा पंप ओढते. पण त्याला थ्री फेज वीज हवी, आणि शेतीपंपाच्या जोडणीवर जळणाचा धंदा चालवणं नियमात बसत नाही. वेगळी जोडणी घ्यावी लागेल, तो खर्च यंत्राच्या किमतीत धरा.

ग्रामपंचायतीनं स्मशानभूमीसाठी विचार करायचा असेल तर लाकडाची लांबी पाहावी. चुलीचं लाकूड दीड फुटाचं असतं, सरणाचं तीन-चार फुटांचं. दोन फूट बैठकीच्या यंत्रात ते मावणारच नाही.

बोटं परत येत नाहीत

आता सर्वांत महत्त्वाचं. एका गावात मी गेलो तेव्हा बाप दांडा ओढत होता आणि पोरगा ओंडका धरून बसला होता. बापाला वाटलं हात निघाला, पोराला वाटलं बाप थांबलाय. दोन बोटं गेली. यंत्रात काही बिघाड नव्हता. कामाची पद्धतच चुकीची होती.

म्हणून दोन्ही हात गुंतल्याशिवाय चालत नाही असंच यंत्र मागा. दोन दांडे एकदम दाबले तरच दट्ट्या पुढं जातो आणि एक सोडला की थांबतो. काम वेगात व्हावं म्हणून यातला एक दांडा तारेनं बांधून ठेवणारे आहेत, ते करू नका. ओंडका ठेवणारा आणि दांडे चालवणारा एकच माणूस असावा. पाइपमधून तेल गळतंय का ते बोटानं चाचपू नका. दाबाखालचं तेल सुईसारखं कातडीत घुसतं. पुठ्ठा धरून पाहा, आणि तेल घुसलंच तर जखम लहान दिसली तरी लगेच दवाखाना गाठा.

पीटीओवर थेट फिरणारा टोकदार स्क्रूचा शंकू स्वस्त मिळतो, पण तो घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पीटीओ मिनिटाला 540 फेरे घेतो. पदर, धोतर किंवा उपरणं त्यात गुंतलं तर ट्रॅक्टर बंद करायलाही वेळ मिळत नाही.

घेण्यापूर्वी

झाड तोडण्याआधी परवानगीचं पाहा. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ ही झाडं आहेत, ती आपल्या बांधावर असली तरी परवानगी लागते. धरणाच्या संपादित जागेतली वेडी बाभूळ कुणी विचारत नाही म्हणून आपली होत नाही. अनुदानाची आशा असेल तर या यंत्राचं नाव यादीत आहे का ते तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारा. पूर्वसंमती आधी, खरेदी नंतर.

एकट्यानं घेतलेलं यंत्र वर्षातले बरेच दिवस शेडमध्ये उभं राहतं. चार-पाच जणांनी गटात घेतलं आणि भाड्यानं फिरवलं तर ते पोसतं. घेताना आपल्याच शिवारातला सर्वांत गाठाळ बाभळीचा ओंडका ट्रॉलीत टाकून दुकानी न्या आणि म्हणा, 'हा फोडून दाखवा.' तो फुटला तरच पुढचं बोलणं करा.