‘यूज्ड टू’चा घोटाळा

माझे वडील गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हमाली करतात. फी माफीच्या इंग्रजी अर्जात मी लिहिले, ‘माय फादर यूज्ड टू लिफ्ट सॅक्स.’ कारकुनांनी विचारले, “मग आता काय करतात?” वडिलांची हमाली मी कागदावर बंदच पाडली होती!

‘यूज्ड टू लिफ्ट’ म्हणजे ‘पोती उचलीत असत’. आपल्या व्याकरणातला हा रीतिभूतकाळ. पूर्वीची रीत, आता नाही. ‘इज यूज्ड टू लिफ्टिंग’ म्हणजे ‘उचलण्याची सवय आहे’. रोजचे काम सांगायला साधे ‘लिफ्ट्स’ पुरते.

‘उचलीत असत’ आणि ‘उचलतात’ यांत मराठीत मी कधीच चुकलो नसतो. म्हणून मित्रहो, इंग्रजी वाक्य लिहिले, की ते एकदा मराठीत वाचून पाहावे. मी अर्ज तिथेच उभ्याने दुरुस्त केला.